कोनाड्यातली अत्तरं



आज आपण बोलणार आहोत सुवासाबद्दल. गेल्या काही वर्षांत 'निश परफ्यूम' हा शब्द आपल्याही कानावर पडायला लागलाय. कधी कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या तोंडून, कधी परदेशातून आलेल्या भाचीच्या पर्समधून. एवढीशी बाटली आणि किंमत पंधरा-वीस हजार, कधी त्याहूनही वर! डब्यावर नावांची यादी असते: वेटिव्हर, सिप्रिऑल, ट्युबरोज, पचौली, चंपाका. यादी वाचून वाटतं, हे काही आपलं काम नाही बाई.

पण जरा थांबा. वेटिव्हर म्हणजे आपला वाळा. सिप्रिऑल म्हणजे उटण्यातला नागरमोथा. ट्युबरोज म्हणजे निशिगंध, बाजारात ज्याला गुलछडी म्हणतात तो. पचौली म्हणजे पाच, आणि चंपाका म्हणजे सोनचाफा. यादीतली निम्मी नावं आपल्या माठातली, गजऱ्यातली आणि देव्हाऱ्यातली निघाली की नाही? वास ओळखायचं शिक्षण आपल्याला घरातच मिळालंय. बाटलीवर जे लिहिलेलं असतं ते वाचायचं कसं, एवढंच शिकायचं राहिलंय. ते कळलं की विनाकारण दबून जाणंही थांबतं आणि पैसेही वाचतात.

'निश' म्हणजे काय?

'निश' हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ भिंतीतला कोनाडा. आपण कोनाड्यात दिवा ठेवतो, तशी घराच्या एका बाजूची, छोटी पण स्वतःची जागा.

मोठ्या कंपन्या परफ्यूम बनवतात ती जास्तीत जास्त लोकांना आवडावीत म्हणून. नटनट्यांच्या जाहिराती असतात, आणि कुणालाच खटकू नये असा गोड, गुळगुळीत वास असतो. याला कंटाळून काही जणांनी वेगळी वाट धरली. पॅरिसमध्ये तीन मित्रमैत्रिणींनी 1961 मध्ये 'दिप्तिक' नावाचं दुकान काढलं. सुरुवातीला ते कापडं आणि शोभेच्या वस्तू विकत. त्यांचं पहिलं सुगंधी पाणी 1968 मध्ये आलं. पुढे 1976 मध्ये झाँ लापोर्त या गृहस्थांनी 'लार्तिझाँ पार्फ्युमर' हे घर सुरू केलं. नावाचा अर्थच 'अत्तर घडवणारा कारागीर'. सन 2000 मध्ये फ्रेदेरिक माल यांनी आणखी एक पाऊल टाकलं. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं ना, तसं त्यांनी बाटलीवर अत्तर रचणाऱ्या कलावंताचं नाव छापलं. तोपर्यंत हे लोक पडद्याआडच असायचे.

तर निश परफ्यूम म्हणजे साधारण असं: घर छोटं, माल मोजका, जाहिरात कमी आणि प्रत्येक बाटलीत एक ठसठशीत, ओळखू येणारा वास. तो सगळ्यांना आवडलाच पाहिजे असा आग्रह नाही. आपल्याकडेही आता अशी घरं निघाली आहेत. मुंबईतली 'बॉम्बे परफ्युमरी' 2016 ची.

मात्र एक लक्षात ठेवा. कोनाडा चांगला चाललाय म्हटल्यावर मोठ्या वाड्याने तो विकत घेतला! माल यांचं घर आणि न्यूयॉर्कचं 'ल लाबो' ही दोन्ही 2014 मध्ये एस्टी लॉडर या बड्या कंपनीने घेतली. म्हणजे आज 'निश' हा शब्द वाचला म्हणून ते छोट्या कारागिराच्याच हातचं असेल असं नाही. तोही आता विक्रीचा एक शब्द झालाय.

वासाचे तीन टप्पे

परफ्यूमच्या भाषेत 'नोट' म्हणतात ती पैशांची नोट नाही हं! गाण्यातला जसा सूर, तसा हा वासातला सूर. हे सूर एकदम ऐकू येत नाहीत, एकामागून एक येतात. कारण साधं आहे. काही सुगंधी द्रव्यं पटकन उडून जातात, काही हळू उडतात, काही कातडीला चिकटून बसतात.

पहिला टप्पा वरच्या सुरांचा. लिंबू, संत्रं, बर्गमॉट नावाचं इटलीतलं लिंबाच्या जातीचं फळ, पुदिना, वेलदोडा. शिंपडल्या शिंपडल्या येतो तो हा वास. ताजा, टवटवीत, आणि पाचदहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात गायब. भजी तळायला टाकल्यावरचा पहिला चर्रर्र आवाज म्हणा ना.

दुसरा टप्पा मधल्या सुरांचा. याला परफ्यूमचं काळीज म्हणतात. गुलाब, मोगरा, निशिगंध, सोनचाफा अशी फुलं आणि दालचिनी-लवंगेसारखे मसाले इथे असतात. हा टप्पा दोन-चार तास टिकतो.

तिसरा टप्पा तळाच्या सुरांचा. चंदन, वाळा, पाच, ऊद, लोबान, व्हॅनिला, कस्तुरी. हे जड असतात. सकाळी लावलं तर संध्याकाळी पदरात राहतं ते हेच. दुसऱ्या दिवशी साडीची घडी करताना जो वास येतो, तोही यांचाच.

आता दुकानात काय होतं बघा. आपण कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारतो, नाकाला लावतो, 'छान आहे' म्हणतो आणि पाकीट काढतो. म्हणजे पैसे मोजतो पहिल्या दहा मिनिटांच्या वासाचे, आणि अंगावर वागवतो पुढच्या सहा तासांचा वास, जो आपण घेऊनच पाहिलेला नसतो! विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून पुष्कळदा सगळी शोभा वरच्या सुरांतच भरलेली असते.

यादी वासाची, मालाची नाही

आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. लोणच्याच्या बरणीवर 'घटक' म्हणून लिहिलेलं असतं ते आत असायलाच हवं. परफ्यूमच्या जाहिरातीत 'नोट्स' म्हणून लिहिलेलं असतं, ते तसं नसतं. ती आतल्या मालाची यादी नसते. कोणत्या वासाची आठवण येईल, एवढंच त्यात सांगितलेलं असतं.

सफरचंद, स्ट्रॉबेरी यांचं सुगंधी तेल निघत नाही. युरोपात 'लिली ऑफ द व्हॅली' नावाचं इवलंसं पांढरं फूल असतं. त्याचाही वास काढून बाटलीत भरता येईल असं तेल मिळत नाही. तरी या तिन्ही नावांनी शेकडो परफ्यूम विकली जातात. प्रयोगशाळेत तयार केलेल्या द्रव्यांची अशी जोडणी करतात की नाकाला तेच फूल भासावं.

यात फसवणूक आहे असं लगेच समजू नका. कृत्रिम द्रव्यांशिवाय आजची परफ्यूम झालीच नसती. कस्तुरीचंच घ्या. खरी कस्तुरी मिळवायची म्हणजे बहुतेक वेळा कस्तुरीमृग मारायचा. आपल्या देशात त्याच्या शिकारीला आणि कस्तुरीच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. म्हणून बाजारात 'अस्सल कस्तुरी' म्हणून कुणी काही पुढे केलं, तर ते एक तर खोटं असतं, नाही तर बेकायदा. प्रयोगशाळेतली कस्तुरी इथे त्या मुक्या जनावराचा जीव वाचवते.

फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. वासाचं नाव सांगून मालाची किंमत घेतली, तर ती फसवणूक. 'चंदनाची नोट' आणि 'चंदनाचं तेल' या दोन गोष्टी आहेत. दुकानदाराला नेमकं विचारायचं: "यात तेल आहे, की वास आहे?" एवढ्या एका प्रश्नाने समोरचा माणूस जपून बोलायला लागतो.

ओळखीचे वास, परदेशी नावं

आता आपल्या ओळखीचे काही वास घेऊ आणि जगातल्या बाटल्यांत ते काय काम करतात ते पाहू.

पहिला वाळा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतो, विदर्भात कुलरला वाळ्याच्या ताट्या लावतात. वाळा हे गवत, आणि सुगंध त्याच्या मुळांत. मुळं जमिनीत खोल गेलेली असतात, म्हणून त्या वासात माती आहे, ओलावा आहे, थोडा धूरही आहे. या मुळांचं तेल तळाच्या सुरांत फार मोलाचं, कारण ते स्वतः टिकतं आणि दुसऱ्या वासांनाही धरून ठेवतं. आज जगाला वाळ्याचं सर्वांत जास्त तेल पुरवणारा देश आहे कॅरिबियन समुद्रातला हैती. आपल्याकडे उत्तर भारतात रानातला वाळा खणून तांब्याच्या भांड्यात त्याचं तेल काढतात. तांब्यामुळे त्याला हिरवट रंग येतो. त्याला 'रूह खस' म्हणतात.

दुसरा नागरमोथा. दिवाळीच्या पहाटे उटण्याचा डबा उघडला की वाळा, कचोरा, गव्हला यांच्याबरोबर जो गडद, लाकडासारखा वास येतो, त्यात नागरमोथ्याचा वाटा मोठा. नागरमोथा मध्य प्रदेशाच्या भागातून गोळा होतो आणि त्याचं तेल 'सिप्रिऑल' या नावाने परदेशात जातं. तिथे त्याचं काम काय? ऊद नावाचं अत्यंत महागडं द्रव्य आहे. आसामात आणि त्यापलीकडच्या पूर्वेकडच्या देशांत अगरूचं झाड असतं. त्याला बुरशी लागली की ते आत राळ तयार करतं, त्या राळेचा तो वास. आखाती देशांत त्याचं वेड आहे. खरा ऊद परवडत नाही, तेव्हा त्याचा भास उभा करायला सिप्रिऑल वापरतात. म्हणजे हजारो रुपयांच्या 'ऊद' बाटलीत कदाचित आपल्या उटण्यातला नागरमोथाच बसलेला असतो!

तिसरा दवणा. चैत्रात देवाला दवणा वाहतात, जोतिबाच्या यात्रेत गुलालाबरोबर दवण्याचाही वास असतो. कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू या भागांत दवण्याची शेती होते आणि त्याचं तेल काढतात. पिकल्या फळासारखा, किंचित मद्यासारखा गोड वास. अत्तरवाल्यांच्या जगात या तेलाची एक ख्याती आहे. म्हणतात की दवणा प्रत्येकीच्या अंगावर वेगळा फुलतो. त्यामुळेच 'माझा वास दुसरीसारखा नको' म्हणणाऱ्या निश घरांना तो आवडतो.

चौथा निशिगंध. हे झाड मूळचं मेक्सिकोचं, पण आता आपल्या शेतात इतकं रुळलंय की ते परकं वाटतच नाही. हे फूल तोडल्यावरही वास सोडत राहतं. म्हणून फ्रान्सच्या ग्रास गावात पूर्वी चरबी लावलेल्या काचांवर ही फुलं रोज नवी नवी पसरत, आणि चरबी वास पिऊन घेई. आपल्याकडे जौनपूर भागात तिळाच्या थरांत चमेलीची फुलं घालून मग त्या तिळाचं तेल गाळायची रीत होती. दोन देश दूर, पण युक्ती तीच.

निशिगंधाचं सर्वांत गाजलेलं परफ्यूम म्हणजे 1948 चं 'फ्राका'. ते रचलं एका बाईने, जर्मेन सेलिए यांनी. त्या काळी या कामात बायका फारच थोड्या होत्या. पुढे 1999 मध्ये सर्ज लुतांस यांच्या घराने 'ट्युबेरोज क्रिमिनेल' आणलं. नावाचा अर्थ 'गुन्हेगार निशिगंध'. ते लावल्यावर आधी येतो बामसारखा थंड, औषधी वास, आणि मग हळूहळू फूल उमलतं. हे उगीच केलेलं नाही. गुडघेदुखीच्या बाममध्ये जे द्रव्य असतं, तेच निशिगंधाच्या फुलात निसर्गतःच थोडं असतं. फुलाचा एरवी लपलेला भाग त्यांनी पुढे आणून ठेवला. निश परफ्यूमची खरी गंमत असेल तर ती इथे आहे: ओळखीच्या वासाची अनोळखी बाजू दाखवण्यात.

मोगऱ्याचंही तसंच. मोगरा, जाई, निशिगंध या पांढऱ्या फुलांत 'इंडोल' नावाचं एक द्रव्य असतं. एकटं घेतलं तर डांबरगोळीसारखं, नकोसं. पण फुलात चिमूटभर असतं आणि त्यामुळेच मोगरा नुसता गोड न राहता मादक होतो. जेवणात हिंगाचं जे काम, तेच इथे इंडोलचं. आजचा मोगरा पुष्कळसा तामिळनाडूतून जातो. पहाटेच्या अंधारात कळ्या खुडणाऱ्या हातांत बायकांचे हात खूप असतात. एक किलो कळ्यांना हजारो वेळा बोटं चालवावी लागतात. आणि एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात. बाटलीच्या किमतीकडे बघताना हे हातही आठवावेत, आणि त्या किमतीतलं त्यांच्यापर्यंत किती पोहोचतं हा प्रश्नही मनात असू द्यावा.

पावसाचा वास आणि चंदनाचा हिशेब

पहिल्या पावसाचा वास बाटलीत भरता येतो, हे ऐकलंय का? उत्तर प्रदेशात कनौज नावाचं गाव आहे, अत्तरांचं. तिथे भट्टीत भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर घालतात. या भांड्याला 'देग' म्हणतात. तोंड चिकणमातीने लिंपून बंद करतात, खाली लाकडं आणि गोवऱ्यांचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून जाते दुसऱ्या भांड्यात, त्याला 'भपका' म्हणतात. तो पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो, म्हणजे वाफ थंड होते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफेतला वास ते तेल धरून ठेवतं. नंतर पाणी वेगळं काढतात, तेल तसंच ठेवतात, नवा माल भरतात. असं पुन्हा पुन्हा. जाळ किती, हौदातलं पाणी कधी बदलायचं, हे कारागीर हाताच्या स्पर्शाने आणि कानाने ठरवतो. तयार झालं ते 'मिट्टी अत्तर'. गुलाब, केवडा, हिना यांची अत्तरंही याच रीतीने होतात.

1964 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी पावसाच्या वासावर लेख लिहिला आणि त्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. त्या लेखात त्यांनी भारतातल्या या मातीच्या अत्तराचाही उल्लेख केला आहे. शास्त्राने नाव ठेवण्याआधी कारागिरांनी तो वास धरून विकायलाही सुरुवात केली होती!

आता या अत्तराचा पाया काय? चंदन. आणि पंचाईत इथेच आहे. चंदनाच्या झाडाला गाभ्याचं सुवासिक लाकूड धरायला पंधरा-वीस वर्षं आणि त्याहून जास्त लागतात. म्हैसूरला 1916 मध्ये चंदनतेलाचा सरकारी कारखाना निघाला, तेव्हा रानं भरलेली होती. पुढे तोड झाली, चोऱ्या झाल्या, झाडं कमी झाली. आज ऑस्ट्रेलियात आपल्या जातीच्या चंदनाची मोठी लागवड आहे. तेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढेच. साहजिकच पुष्कळ अत्तरांत चंदनतेलाऐवजी लिक्विड पॅराफिनसारखं स्वस्त तेल वापरलं जातं.

सोपा हिशेब करू. किलोला फक्त एक लाख धरले, तरी एका ग्रॅमला झाले शंभर रुपये. दहा ग्रॅमला हजार. हे झालं नुसतं पायाचं तेल. त्यावर फुलं, जळण, मजुरी, नफा. मग जत्रेत किंवा रस्त्याकडेला 'शुद्ध चंदनावरचं गुलाब अत्तर, दहा मिली शंभर रुपये' असं कुणी सांगितलं, तर गणितच जमत नाही. वास आवडला तर जरूर घ्या, शंभर रुपयांना चांगला वास मिळाला तर वाईट काय? पण शुद्धतेचा भाव देऊ नका.

घरी कागदावर थेंब टाकून किंवा पाण्यात सोडून भेसळ ओळखायच्या युक्त्या सांगतात, त्यांचा भरवसा नाही. खरी परीक्षा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर होते. कनौजला 1991 पासून सरकारचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, तिथे अशी तपासणी आणि अत्तरं बनवण्याचं प्रशिक्षण होतं. अत्तराचा धंदा करायचा विचार असलेल्या बचतगटांनी हे ध्यानात ठेवावं.

विकत घेण्याआधी

आता कामाच्या गोष्टी, एकेक करून.

दुकानात एका दिवशी तीन-चारच्या वर वास घेऊ नका. नाक थकतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याची गरज नाही. साध्या हवेत जाऊन या, नाही तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या.

आधी कागदाच्या पट्टीवर. आवडलं तर एका मनगटावर एकच फवारा. मनगटं एकमेकांवर घासू नका, वाळू द्या. मग दुकानाबाहेर पडा. बाजार करा, चहा घ्या, घरी जा. अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि रात्री झोपताना वास घ्या. तिन्ही वेळेला आवडला, तरच पुन्हा दुकानात जा. विकणारा म्हणेल, "आजच सूट आहे, ताई." सूट पुन्हा येते.

मोठी बाटली घेण्याआधी दोन मिलीची नमुन्याची कुपी मिळते का ते विचारा. एका फवाऱ्यात साधारण दशांश मिली जातं. म्हणजे दोन मिलीत वीस फवारे, बरेच दिवस पारखायला पुरे. पन्नास मिलीत पाचशे फवारे. पंधरा हजारांची बाटली असेल तर एका फवाऱ्याला तीस रुपये पडले. परवडतं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण आकडा ठाऊक असावा.

बाटलीवरची अक्षरंही वाचा. 'पार्फ्यूम' किंवा 'एक्स्ट्रे' लिहिलं असेल तर सुगंधी द्रव्य सर्वांत जास्त, वीस टक्के आणि वर. 'ओ द पार्फ्यूम'मध्ये पंधरा ते वीस टक्क्यांच्या आसपास. 'ओ द टॉयलेट'मध्ये त्याहून कमी, आणि 'कोलोन'मध्ये दोन-चार टक्के. आपलं अत्तर या यादीत बसत नाही, कारण त्यात अल्कोहोल नसतं, पाया तेलाचा असतो. म्हणून ते भपकन पसरत नाही, अंगालगत राहतं आणि थेंबभर पुरतं.

तुम्ही विचारलेले प्रश्न

"मी लावलेला वास मला थोड्या वेळाने येतच नाही, मग पुन्हा लावू का?" नको. आपल्या नाकाला एकाच वासाची सवय होते आणि ते त्याची दखल घेणं थांबवतं. शेजारणीला मात्र तो येत असतो. शिवाय काही प्रकारच्या कस्तुरीचा वास काही जणांना जन्मतःच येत नाही. विश्वासातल्या कुणाला तरी विचारा.

"नैसर्गिक असेल तर त्रास होणार नाही ना?" असं नाही. नैसर्गिक तेलांनीही खाज, पुरळ येऊ शकतं. कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस वाट पाहा. लिंबाच्या जातीची काही तेलं, विशेषतः बर्गमॉटचं, अंगावर असताना कडक ऊन लागलं तर कातडीवर डाग पडू शकतात. तसलं काही लावून शेतात किंवा उन्हात जाऊ नका, कपड्याला लावा. घरात दमेकरी असेल, तान्हं बाळ असेल, तर बंद खोलीत फवारा नकोच.

"बाटली कुठे ठेवायची?" ऊन आणि उष्णता यांपासून दूर. न्हाणीघरात नको, खिडकीत नको. कपाटात, डब्यासकट. आणि अल्कोहोलचं परफ्यूम चुलीजवळ, गॅसजवळ, देवापुढच्या निरांजनाजवळ कधीच मारू नका. ते पेट घेतं.

"तुमच्या मते सर्वांत चांगलं कुठलं?" याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कुणी दिलं तर मानू नका. त्याऐवजी एक काम करा. या आठवड्यात घरातल्या पाच वासांची यादी करा. वाळा, वेलदोडा, धुण्याचा साबण, नवी वही, भाजलेले शेंगदाणे, जे असेल ते. प्रत्येकापुढे दोन शब्द लिहा: उबदार की थंड, गोड की कडू, ओला की कोरडा. आपल्याला काय आवडतं ते त्या पाच ओळींत आपोआप दिसेल. दुकानात गेल्यावर "काहीतरी छान दाखवा" म्हणण्यापेक्षा "मला कोरडा, लाकडासारखा, वाळ्याच्या बाजूचा वास हवा" असं म्हणून बघा. समोरचा नीट बाटली काढेल, आणि निवड तुमची असेल.

तुमच्या पाच वासांची यादी आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवू.